ग्रंथालयाच्या वेळा

महाविद्यालयांचे शताब्दी-ग्रंथ चाळताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात येते. ग्रंथालयावरील प्रकरणात इमारतीचे वर्णन असते, देणगीदाराचे छायाचित्र असते, ग्रंथसंख्येचा चढता आलेख असतो. पण ते ग्रंथालय किती वाजता उघडे आणि केव्हा बंद होई, हे क्वचितच सापडते. ज्याच्या घरी अभ्यासाला स्वतंत्र खोली आहे, त्याला या तपशिलाचे मोल नाही. ज्याच्या घरी ती नाही, त्याच्यासाठी ग्रंथालयाचा खरा इतिहास या वेळांतच आहे.

हे ग्रंथालयशास्त्राला ठाऊक नव्हते असे नाही. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले शि. रा. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांचे प्रसिद्ध पाच सिद्धान्त १९३१ मध्ये ग्रंथरूपाने आले. 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हा त्यांतला पहिला. आणि त्याचे विवेचन करताना ते ग्रंथालयाची जागा, उघडे राहण्याच्या वेळा, बसण्याची सोय आणि सेवकवर्ग यांचा विचार करतात. मध्ययुगातील साखळदंडांनी बांधलेल्या पोथ्या त्यांना आठवतात त्या याच संदर्भात. कुलूप लावलेले कपाट ही त्या साखळीचीच आधुनिक आवृत्ती, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो.

परंतु या प्रश्नाचे मराठी प्रदेशातील सर्वांत बोलके उदाहरण ग्रंथालयशास्त्राबाहेरचे आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत आंबेडकर कुटुंब राहत असे. भीमराव लवकर झोपत. वडील रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून स्वतः आडवे होत. एका खोलीत अभ्यासाची जागा निर्माण करायची तर ती कालविभागणीनेच करावी लागे. दिवसा हाच मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्याला हेरले, पुस्तके पुरवली, १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. त्यातून एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. आज ज्याला 'विद्यार्थी साहाय्य' म्हणतात, ते सारे येथे एका गृहस्थाच्या व्यक्तिगत चांगुलपणात सामावलेले होते. केळुसकर त्या बागेत गेलेच नसते तर? हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे, कारण अशा बागांत वाचत बसलेली आणि कोणालाच न दिसलेली मुले किती होती, याची नोंद कोठेही नाही.

पुढे कोलंबिया विद्यापीठात (१९१३ ते १९१६) आणि १९२० नंतर लंडनमध्ये, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, या विद्यार्थ्याने दार उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा वेळ वसूल केला. न्यूयॉर्कमध्ये जमवलेल्या पुस्तकांपैकी बरीचशी १९१७ मध्ये सामानाचे जहाज बुडाल्याने गेली. ग्रंथ हाती येणे आणि हातातून जाणे या दोहोंची किंमत त्यांनी मोजली होती, म्हणूनच दादरला 'राजगृह' बांधताना ग्रंथसंग्रह हाच त्या घराचा केंद्रबिंदू ठरला.

जुलै १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथील वर्ग सकाळी भरत. बाह्यतः हा वेळापत्रकातील फेरफार. पण आम्हांला तो संस्थापकाच्या बालपणाचे थेट उत्तर वाटतो. दोन वाजता उठून अभ्यास करण्याची पाळी ज्याच्यावर आली, त्याला घड्याळ हाही सामाजिक विषमतेचा भाग आहे हे समजावून सांगावे लागत नाही. त्यांच्या संग्रहातील ग्रंथही पुढे याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले. १९५० मध्ये औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयाचा आरंभ झाला. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला तेव्हा आठ वर्षे अवकाश होता. खेड्यांतून आलेल्या मुलांना तेथे वर्गाइतकीच वसतिगृहाची गरज होती, म्हणजे पुन्हा बसायला जागा आणि रात्री दिवा.

आज महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत 'अभ्यासिका' नावाचा नवाच व्यवसाय उभा राहिला आहे. तेथे बहुधा पुस्तके नसतात. खुर्ची, लाकडी आडोसा, पंखा आणि शांतता यांचे मासिक भाडे असते. पोलीस भरतीपासून लोकसेवा आयोगापर्यंतच्या परीक्षांची तयारी करणारी मुले रात्री उशिरापर्यंत तेथे बसतात. त्यांतील कित्येकांची नावे जवळच्याच महाविद्यालयाच्या पटावर असतात, आणि त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला संध्याकाळीच कुलूप लागलेले असते.