एकच कोड, अनेक फोन

धंद्यासाठी मोबाइल अ‍ॅप काढायचे ठरले की लगेच प्रश्न येतो: आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यासाठी दोन स्वतंत्र, म्हणजे नेटिव्ह अ‍ॅप्स करून घ्यायची, की एकाच कोडमधून दोन्हीकडे चालणारे क्रॉस-प्लॅटफॉर्म अ‍ॅप घ्यायचे? निर्णय बहुधा कोटेशनच्या आकड्यावर होतो. पण हा वाद आयफोनपेक्षाही जुना आहे, आणि त्याचा इतिहास पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की एका कोडने फोनाफोनांतला फरक आजवर कधीच संपवलेला नाही. तो निस्तरायचे काम फक्त एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेले. म्हणून पहिल्या खर्चाइतकेच महत्त्व या प्रश्नाला द्यायला हवे की पुढची पाच वर्षे तो फरक कोण निस्तरणार.

सन कंपनीच्या जावाने ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ असे वचन दिले होते. तिची मोबाइल आवृत्ती, जे२एमई, साध्या फोनांवर सर्वदूर पोचली. प्रत्यक्षात नोकिया ६६०० चा पडदा १७६ बाय २०८ ठिपक्यांचा. त्याच कंपनीच्या सिरीज ४० मधल्या सुरुवातीच्या अनेक फोनांचा १२८ बाय १२८ चा, आणि तिथे अख्खा गेम ६४ किलोबाइटांत बसवावा लागे. बटणांचे संकेतांक कंपनीगणिक वेगळे, आवाजाची तऱ्हा वेगळी. मोबाइल गेमच्या धंद्यात (मुंबईची इंडियागेम्स त्यातलीच) पोर्टिंग हे स्वतंत्र काम होऊन बसले: तयार गेम घ्यायचा, चित्रे लहान करायची, रंग कमी करायचे आणि तो प्रत्येक हँडसेटवर चालवून पाहायचा. कोड एकच होता हे खरे, पण वेळ आणि पैसा त्याच्या कडेच्या या कामात जाई.

स्मार्टफोन आल्यावर हीच आशा वेब तंत्रज्ञानावर बसली. फेसबुकने आपले अ‍ॅप मोठ्या प्रमाणात एचटीएमएल५ वर उभे केले. ते अडखळत चाले. ऑगस्ट २०१२ मध्ये आयफोनचे अ‍ॅप नेटिव्ह पद्धतीने नव्याने लिहिले गेले, आणि पुढच्याच महिन्यात मार्क झुकरबर्ग यांनी एचटीएमएल५ वर इतका भरवसा टाकणे ही कंपनीची सर्वांत मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. नेटिव्हचे समर्थक हा दाखला नेहमी देतात, पण तो अर्धाच सांगतात. त्याच फेसबुकने २०१५ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह हे क्रॉस-प्लॅटफॉर्म साधन सर्वांसाठी खुले केले. त्यात पडद्यावरची बटणे आणि याद्या त्या त्या फोनच्या स्वतःच्याच असतात. सामाईक राहतो तो त्यांच्यामागचा तर्क. फरकाची रेषा कुठे आखायची, हे त्या तीन वर्षांत कंपनीला उमगले होते.

एअरबीएनबीने रिअ‍ॅक्ट नेटिव्ह २०१६ मध्ये घेतले आणि २०१८ मध्ये सोडायचे ठरवले. त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेली कारणे वाचण्यासारखी आहेत: जुने नेटिव्ह अ‍ॅप तसेच ठेवून त्यात नवा भाग जोडल्यामुळे दोनऐवजी तीन प्लॅटफॉर्म सांभाळावे लागले. तरीही त्यावर काम केलेल्या ६३ टक्के अभियंत्यांनी आपण पुन्हा तेच निवडले असते असे सांगितले. ड्रॉपबॉक्सने सी++ मधला सामाईक कोड २०१९ मध्ये सोडून दिला. स्वतःची साधने घडवणे आणि त्यासाठी माणसे मिळवणे महाग पडत होते. शॉपिफायने मात्र २०२० मध्ये नवी अ‍ॅप्स रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्येच करण्याचे जाहीर केले. तंत्रज्ञान जवळपास त्याच काळाचे आणि निष्कर्ष उलटे, याचा अर्थ निर्णय ठरला तो हाताशी असलेल्या माणसांवरून आणि आधीच उभ्या असलेल्या कोडवरून.

यावर फ्लटरचा दाखला पुढे येईल. गूगलचे हे साधन (पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८) पडद्यावरचे सारे स्वतःच रेखाटते, मग फरक उरला कुठे? तो फ्लटर बनवणाऱ्यांच्या डोक्यावर गेला. मराठी वाचकाला हे पटकन कळेल. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीची जुळणी होत नसे: ‘किल्ला’ मधली वेलांटी क च्या उजवीकडे पडे आणि ‘ल्ला’ पाय मोडून सुटा दिसे. पुढे अँड्रॉइडने ते काम अंगावर घेतले. फ्लटर अक्षरे स्वतः जुळवते, त्यामुळे तिथे ही जबाबदारी पुन्हा फ्लटरची. अ‍ॅपलने टायपिंगमध्ये किंवा पडद्याच्या रूपात काही बदलले की फ्लटरने ते गाठेपर्यंत थांबणे आले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लहान दुकानदाराला किंवा सहकारी पतसंस्थेला दोन टीम परवडणार कशा? परवडत नाहीत, आणि त्यांनी ठेवूही नयेत. यादी, फॉर्म, ऑर्डर, पैसे भरणे एवढ्यावर चालणाऱ्या अ‍ॅपला एकच कोड योग्य आहे, हे मी ठामपणे म्हणेन. मात्र कॅमेरा, ब्लूटूथवरची यंत्रे किंवा अ‍ॅप बंद असतानाही चालू राहणारे काम हाच ज्यांच्या धंद्याचा गाभा आहे, त्यांनी तेवढा भाग लिहिणारा नेटिव्ह माणूस पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा. आणि अ‍ॅप बाहेरून करून घेणाऱ्या प्रत्येकाने करारात देखभालीची वर्षे, नव्या आवृत्त्यांसाठीची दुरुस्ती आणि कोडची मालकी हे तीन मुद्दे सही करण्याआधी लिहून घ्यावेत.