शाळेच्या कर्मशाळेतून निघालेला स्वर

वाद्यांचा इतिहास सांगताना आपण वादकांची नावे आदराने घेतो. परंतु वाद्य ज्यांनी घडविले त्यांची आठवण क्वचितच ठेवतो. हातांनी मिळविलेल्या ज्ञानाकडे पाहण्याची आपली दृष्टीच यातून व्यक्त होते. म्हणून या स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने मी एका वाद्याची हकीकत आपणांपुढे ठेवीत आहे. मांडीवर आडवे ठेवून पोलादी कांडीने वाजवावयाचे हे गिटार आपल्याकडे ‘हवाईयन गिटार’ म्हणून परिचित आहे. त्याच्या जन्मकथेत कारखाना कोठेही नाही. आहे ती एका शाळेची कर्मशाळा.

हवाई बेटांवर गिटार पोहोचले ते १८३० च्या दशकात, मेक्सिकोकडून आलेल्या गुराख्यांबरोबर, असे मानले जाते. बेटवासीयांनी त्याच्या तारा सैल करून, मोकळ्या तारा छेडल्या तरी एक सुसंवादी स्वरमेळ उमटावा अशा रीतीने जुळविल्या. पुढची सारी कथा या जुळणीवर उभी आहे. कारण अशा तारांवर एकच सरळ दांडी आडवी टेकविली तरी मेळ बिघडत नाही, तो अखंडच वर चढतो.

ओआहू बेटावरील लाइए या गावी १८७४ मध्ये जन्मलेला जोसेफ केकुकू हा होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेचा विद्यार्थी होता. १८८७ मध्ये सुरू झालेल्या या शाळेच्या अभ्यासक्रमात हस्तव्यवसायाला महत्त्वाचे स्थान होते. १८८९ च्या सुमारास लोखंडाचा एक तुकडा तारांवरून घसरला आणि त्यातून निघालेल्या स्वराने हा मुलगा चकित झाला, अशी कथा सांगितली जाते. पुढे त्याने चाकूची पाठ, कंगवा अशा नाना वस्तू तारांवरून फिरवून पाहिल्या आणि अखेर शाळेच्याच कर्मशाळेत पोलादाची एक गुळगुळीत कांडी तयार करून घेतली. आतड्याच्या तारांऐवजी पोलादी तारा चढविल्या. कांडी पडद्यांवर आपटू नये म्हणून तारा उंच उचलल्या. अपघाताने सापडलेल्या ध्वनीचे वाद्य झाले ते या तीन दुरुस्त्यांमुळे.

या श्रेयाला दुसरेही वारस आहेत. गेब्रिएल डेव्हियन नावाचा, मूळचा हिंदुस्थानातील एक माणूस १८८० च्या दशकात हवाईत अशाच रीतीने वाजवीत असे, अशी एका ज्येष्ठ हवाईयन संगीतकाराची आठवण नमूद आहे. आपल्याकडे विचित्रवीणा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्यम ही वाद्ये याच तत्त्वावर वाजतात, हे ध्यानी घेतले म्हणजे डेव्हियनची कथा मोहक वाटू लागते. तथापि मोह हा पुरावा नव्हे. डेव्हियनने येथून काही विद्या नेली असे त्या आठवणीवरून सिद्ध होत नाही. माझ्या मते, एखादी युक्ती प्रथम कोणाला सुचली हा एक प्रश्न आणि तिला साधनाचे रूप देऊन जगभर कोणी नेले हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर केकुकू हेच आहे. १९०४ मध्ये त्याने बेटे सोडली, अमेरिका व युरोप पालथा घातला आणि १९३२ मध्ये परमुलखातच देह ठेवला.

निवृत्तीनंतर मी स्वतः असे एक वाद्य घरी तयार केले. जुन्या दाराच्या चौकटीतील सागाची, सुमारे ऐंशी सेंटिमीटर लांबीची जाड फळी, मोडक्या गिटारच्या खुंट्या, दोन टोकांना अॅल्युमिनियमच्या कोनपट्ट्या आणि सहा तारा, एवढाच संभार. फळी जाड हवी, कारण सहा तारांची एकत्रित ओढ पन्नास किलोच्या घरात जाते व पातळ लाकूड वाकते. तारा फळीपासून साधारण एक सेंटिमीटर उंच ठेवल्या. तारेची मोकळी लांबी सत्तावन्न सेंटिमीटर धरली. तिच्या निम्म्यावर, म्हणजे साडेअठ्ठावीस सेंटिमीटरवर, तार षड्ज येतो. एक तृतीयांशावर, एकोणीस सेंटिमीटरवर, पंचम. एक चतुर्थांशावर, सव्वाचौदा सेंटिमीटरवर, शुद्ध मध्यम. तेथे पडदे बसवावे लागत नाहीत. पेन्सिलीच्या रेघा पुरतात. रेघ केवळ डोळ्याला वाट दाखविते; स्वर खरा की खोटा याचा निवाडा कानच करतो. आयुष्यभर पुस्तकांत वावरलेल्या माझ्यासारख्याला हा धडा करवतीने दिला.

नुसत्या फळीचा आवाज क्षीण असतो. ही अडचण लॉस एंजेलिसच्या जॉर्ज बीचम यांनी सोडविली. पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावली की तांब्याच्या वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे त्यातील तत्त्व. १९३१ मध्ये हॅरी वॉटसन यांनी मेपलच्या लाकडातून त्याचा पहिला नमुना कोरला. रिकनबॅकर यांच्या सहकार्याने १९३२ मध्ये ते वाद्य अॅल्युमिनियमच्या रूपात बाजारात आले आणि १९३७ मध्ये बीचम यांना एकस्व मिळाले. विजेवर चालणाऱ्या गिटारच्या घराण्याचा हा मूळ पुरुष मांडीवरचाच होता.

या कथेला एक करुण बाजूही आहे. १८९३ मध्ये हवाईचे राज्य उलथले गेले. १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी ठरले आणि बेटांची भाषा वर्गाबाहेर गेली. १९७८ मध्ये तिला इंग्रजीच्या जोडीने राजभाषेचे स्थान परत मिळेपर्यंत कित्येक पिढ्या सरल्या. या काळात हवाईची ओळख जगाला पटवीत राहिला तो तेथील एका विद्यार्थ्याच्या कांडीचा स्वर. परंतु वाद्य भाषेची जागा घेऊ शकत नाही, हेही येथेच म्हटले पाहिजे. स्वर जगभर गाजत असताना घरची बोली ओसरत होती. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविणाऱ्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

१९४० च्या दशकात ताऊ मो यांच्यासारखे हवाईयन कलावंत कलकत्त्यात राहिले आणि हे वाद्य तेथे रुजले. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यावर रागसंगीताची प्रतिष्ठापना केली; १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांचे वादन आहे. विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या व चिकारीच्या तारा चढवून मोहनवीणा घडविली. १९९४ मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. येथेही वादक आणि घडविणारा एकच होता.

आपल्या बडोद्यात १८८६ मध्ये मौलाबक्ष यांची गायनशाळा निघाली आणि १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रयत्नाने कलाभवन उभे राहिले. सयाजीरावांच्या राज्यात कान आणि हात या दोहोंच्या शिक्षणाची सोय केवळ चार वर्षांच्या अंतराने झाली, आणि गज्जरांनी तर धंदेशिक्षण मातृभाषेतून देण्याचा आग्रह धरला. आज शाळांतून प्रथम बंद पडते ती सुतारकामाची खोली. परीक्षेच्या गुणपत्रिकेत तिचा हिशेब लागत नाही, हे खरे. परंतु पोलादाची एक कांडी कापून घासून देणारी कर्मशाळा त्या शाळेत नसती, तर केकुकूला सापडलेला स्वर एका संध्याकाळची गंमत म्हणून विरून गेला असता. शाळेने एक खोली, एक करवत आणि एक जाणता शिक्षक एवढे तरी राखावे, आणि त्या खोलीतील बोलणे मराठीत व्हावे, ही माझी या व्यासपीठावरून विनंती आहे.