तेलातून जाणारी ताकद : प्रस्तावना

इंजिनाची ताकद चाकापर्यंत न्यायच्या दोन वाटा आहेत, आणि भंडारा जिल्ह्याने दोन्ही पाहिल्या आहेत. लाखनीजवळ गडेगावला 1982 मध्ये उभा राहिलेला अशोक लेलँडचा कारखाना गिअरबॉक्ससाठी ओळखला जातो. तिथली वाट दात्यांची. पवनी रोड, भुयारवरून 2019 पर्यंत धावलेल्या नागपूर–नागभीड छोट्या गाडीची डिझेल-हायड्रॉलिक इंजिने मात्र ताकद तेलातून नेत. हे पुस्तक या दुसऱ्या वाटेचे आहे.

या शास्त्राचा जन्म जहाजांसाठी झाला. वाफेची टर्बाइन भरधाव फिरते, पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. या पेचावर हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये द्रवाधारित प्रेषणाचे पेटंट घेतले. आजच्या टॉर्क कन्व्हर्टरचे मूळ तेच. इंजिनाला जोडलेला इंपेलर तेल भिरकावतो, ते टर्बाइनला फिरवते आणि परतणाऱ्या तेलाची दिशा मधला स्टेटर वळवतो. त्यामुळे गाडी जागची हलताना टॉर्क दुपटीच्या आसपास वाढू शकतो.

टर्बाइन जखडून ठेवून पूर्ण थ्रॉटल दिला, की इंजिन ज्या आरपीएमवर अडते तो स्टॉल स्पीड. कॅटलॉगात तो कन्व्हर्टरच्या नावापुढे छापलेला असतो, म्हणून तो कन्व्हर्टरचाच गुण वाटतो. तसे नाही. कन्व्हर्टर पेलतो तो टॉर्क वेगाच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असतो. 200 न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे 2000 आरपीएमला अडणारा कन्व्हर्टर 400 न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे सुमारे 2830 ला अडेल. त्याच घडणीचा, पण व्यासाने दहा टक्के लहान कन्व्हर्टर घेतला, तर आकडा जवळपास तीस टक्क्यांनी चढतो.

तिसरा भागीदार वजन. जुन्या फोर्डचा सांगाडा सोलून केलेली हलकी हॉट रॉड इथे उत्तम पाठ देते. धानाने भरलेली बंडी आणि शंकरपटाचा छकडा यांना एकच बैलजोडी जुंपली, तरी सुटतानाची ओढ सारखी नसते. हलकी गाडी इंजिन चढण्याआधीच निघते, त्यामुळे छापील स्टॉलचा आकडा प्रत्यक्षात गाठलाच जात नाही. तो गाठायला चढा कन्व्हर्टर बसवावा, तर मागच्या धुरीवर भार कमी असल्याने टायर जागीच फिरतात. साध्या कॅमच्या इंजिनाला म्हणून मूळच्या जवळचा स्टॉल पुरतो. कॅम तिखट असेल आणि खालच्या आरपीएमला दम नसेल, तरच आकडा चढवण्यात अर्थ आहे. तोही इंजिन जिथे ओढू लागते तिथपर्यंतच.

हौसेची किंमत उष्णतेत मोजावी लागते. वरच्या 200 न्यूटन-मीटरच्या इंजिनाला 2000 आरपीएमवर अडवून धरले, तर सुमारे 42 किलोवॅट तेलात उष्णता होऊन उतरतात. स्टॉलची चाचणी पाच सेकंदांपलीकडे नेऊ नये आणि लगेच न्यूट्रलवर तेल थंड होऊ द्यावे, हा दंडक त्यातूनच आला. चढ्या स्टॉलबरोबर मोठा ऑइल कूलर येतो तो याच हिशेबाने. नोंदणी झालेल्या गाडीत मनाजोगे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते. असे प्रयोग बंदिस्त ट्रॅकवरच शोभतात.

द्रवगतिकी, उष्णता आणि यंत्ररचना इथे एकाच घरात नांदतात. आयटीआयच्या विद्यार्थ्याने गणिताला बिचकू नये. वर्गमूळ येत असले की पहिली तीन प्रकरणे उलगडतात. अभियंत्याने गॅरेजवाल्याचे ऐकावे, कारण जळक्या तेलाचा वास त्याला आधी कळतो. आणि दोघांनीही कॅटलॉग उघडण्याआधी गाडी धर्मकाट्यावर न्यावी, पुढच्या-मागच्या धुरीचा भार वेगवेगळा लिहून घ्यावा आणि इंजिनाचा टॉर्क-आलेख शेजारी ठेवावा. पुढचे प्रत्येक प्रकरण ही दोन कागदपत्रे तुमच्यासमोर आहेत असे धरून लिहिले आहे.