पाळकाला कोण सांभाळतं?

आजची गोष्ट लंडनची. १९ ऑक्टोबर १८५६ची संध्याकाळ. २२ वर्षांचे पाळक चार्ल्स स्पर्जन यांना ऐकायला सरे गार्डन्सच्या म्युझिक हॉलमध्ये हजारो लोक जमले होते. कुणीतरी ओरडलं, "आग!" आग नव्हतीच, पण चेंगराचेंगरीत सात जण गेले.

स्पर्जन कोलमडले. दोनेक आठवड्यांत ते पुन्हा उपदेशाला उभे राहिले, पण उदासीने आयुष्यभर पाठ सोडली नाही. मला भारी वाटतं ते हे, की त्यांनी ती लपवली नाही. पाळक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी यावर खास व्याख्यान दिलं. म्हणणं साधं होतं: खचणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे, शरीरही थकतं, विश्रांती घ्या.

ओझंही वाटलं गेलं. १८६८मध्ये धाकटे भाऊ जेम्स सहपाळक झाले. पुढे स्पर्जन हिवाळ्यात विश्रांतीसाठी फ्रान्समधल्या मांतोंला जायचे. १८९२मध्ये ते तिथेच वारले.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ऑन-कॉलच्या पाळ्या लावतो, रोज एकालाच जागवत नाही. पाळकाचा फोन मात्र आजारपण, मयत, घरातली भांडणं, सगळ्यासाठी वाजतो. तुमच्या ओळखीत कुणी पाळक असतील, तर या रविवारी प्रार्थनेची विनंती करण्याआधी एवढंच विचारा, "तुम्ही कसे आहात?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.