बाळंतिणीची खोली : पुरंदरापासून होसकोट्यापर्यंत

होसकोटे या शब्दाचा अर्थ नवा कोट. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या तम्मेगौडाने हा कोट उभारला. पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या प्रांती आले. बेंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा मुलूख त्यांच्या जहागिरीत आला आणि मराठी बोल या रस्त्यांवर ऐकू येऊ लागले. १७६८ च्या ऑगस्टात गुत्तीकर मुरारराव घोरपडे यांची छावणी याच गावाजवळ कर्नल स्मिथच्या इंग्रज फौजेशेजारी पडली असता हैदरअलीने तीवर रात्री छापा घातला आणि मुराररावांनी तो परतवून लावला. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या पराक्रमाचे सविस्तर वर्णन यावे, अशी वाचकांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु प्रस्तुत लेखकाने आज निराळा विषय निवडला आहे. शहाजीराजांच्या मागोमाग जी मराठी कुटुंबे इकडे आली, त्यांत लेकीसुनाही होत्या. त्यांची बाळंतपणे इथेच झाली असणार. माहेर शेकडो कोस दूर असताना त्यांनी पहिले बारा दिवस कसे काढले असतील? बखरींनी घोडे मोजले, हत्ती मोजले, तोफा मोजल्या. या खोलीचे दार मात्र त्यांनी क्वचितच उघडले.

जेथे ते उघडले, तेथे कारण राजकीय होते. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. मातोश्री सईबाईंची प्रकृती बाळंतपणानंतर सावरली नाही आणि बाळास दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊ हिला दूधआई म्हणून गडावर आणण्यात आले. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई निवर्तल्या. बाळ तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. पुढे जिजाबाईंनी त्यास वाढविले. स्वराज्याचा दुसरा छत्रपती आपल्या आयुष्याच्या आरंभी एका पाटलिणीच्या दुधावर जगला, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. तिच्यातील व्यवहाराचा धडा मात्र विसरतो. राजाच्या घरीसुद्धा एकट्या आईच्या बळावर मूल वाढत नाही. बाहेरून कोणास तरी हाक मारावी लागते आणि हाक मारण्यात कमीपणा नसतो.

त्याच पुरंदरावर ११७ वर्षांनी दुसरी खोली सजली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेऊन कडेकोट पहाऱ्यात ठेवले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुत्र झाला आणि चाळिसाव्या दिवशी, २८ मे रोजी, त्या तान्ह्यास पेशवाईची वस्त्रे मिळाली. सवाई माधवराव म्हणून इतिहास त्यास ओळखतो. वैधव्याचे दुःख, भोवती राज्याची चिंता आणि मांडीवर चाळीस दिवसांचा पेशवा! त्या माउलीची झोप, तिचे अन्न, तिचे रडणे यांची नोंद कोणी करावी? गंगाबाई १७७७ मध्येच वारल्या.

तिसरी खोली राजघराण्यातील नव्हे. ती एका टपाल कारकुनाच्या घरची आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झाले आणि चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, ही खंत त्या मुलीच्या मनातून गेली नाही. पती गोपाळराव टपाल खात्यात असल्यामुळे बदल्यांमागून बदल्या होत. अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता, श्रीरामपूर असा संसार फिरत राहिला. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे बिऱ्हाड ओळखीचे वाटेल. १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्या अमेरिकेस निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हानियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. दहा दिवसांच्या एका आयुष्याने एवढा मोठा प्रवास घडविला.

ते दहा दिवस खरोखरच कठीण असत. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागार कसे असावे, तेथे काय काय सिद्ध ठेवावे, बाळाची खोली व खेळणी कशी असावीत याचे तपशीलवार वर्णन आहे. आपल्या घरांत पाचवी आणि सटी पूजिली जाते. पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद व लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिते, अशी श्रद्धा. त्या रात्री घरातील बायका जागतात. नाळ अस्वच्छ विळ्याने कापली जाई आणि तीवर राख वा शेण लावले जाई, त्या काळी नवजात बालकाचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास प्रकट होई. दूध ओढणारे मूल एकाएकी ओढीनासे होई. ज्या रात्री भय अधिक, त्याच रात्री जागरणाचा विधी ठरला, हा निव्वळ योगायोग नसावा असे मला वाटते. मातांना दिलेली लस, स्वच्छ पाते आणि दवाखान्यातील बाळंतपणे यांमुळे माता व नवजातांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. सटवाईची लेखणी थोडीबहुत माणसाच्या हाती आली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंपरेतले सारेच सोने नव्हते. पहिला पिवळसर चीक कित्येक घरांत पिळून टाकून देत. तोच बाळाचे पहिले संरक्षण आहे, हे आज सिद्ध आहे. मध चाटविणे, पाणी पाजणे, गुटी उगाळणे हेही प्रेमानेच होत असे. परंतु पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही नको, असे आता वैद्यक सांगते. बंद खोलीतील शेगडीच्या धुराने बाळाचा श्वास कोंडे. याउलट आळिवाचे लाडू, शेपूची भाजी, तेलाचा हलका हात, बाळंतिणीस सक्तीची विश्रांती आणि बाळंतविड्यातील मऊ जुन्या लुगड्याची दुपटी यांत पिढ्यांचा शहाणपणा साठलेला आहे. निवड करावयाची ती आपणच.

विश्रांतीचा हा हक्क श्रीमंतांपुरता राहू नये, म्हणून कायदाही झगडून मिळवावा लागला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेस आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. १९२९ चा मुंबईचा कायदा, मग १९६१ चा अखिल भारतीय कायदा, आणि २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा, अशी ही वाटचाल आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांपैकी पित्यास पंधरा दिवसांची रजा १९९७ पासून मिळू लागली. तोपर्यंत बाराव्या दिवशी बारशाला सासुरवाडीस जाऊन पेढे खाणे, एवढेच पित्याचे कर्तव्य मानले जाई.

ही रजा घेणाऱ्या पहिल्या काही मंडळींत मी होतो. माझी कन्या जन्मली तेव्हा आम्ही होसकोट्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. सासूबाई यावयाच्या होत्या. पण निघण्याच्या आदल्या आठवड्यात पाय मोडून त्या अंथरुणास खिळल्या. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आलो, तेव्हा घरात अनुभवी असे कोणीच नव्हते. मूल रडे; आम्ही एकमेकांकडे पाहत असू. पत्नी विनाकारण डोळे पुसत बसे आणि आपले काही चुकते आहे काय, असे पुन्हा पुन्हा विचारी. मी कचेरीत शंभर माणसांचा कारभार पाहत होतो. लंगोट बांधताना मात्र माझे हात थरथरत.

पाचव्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने पूजेचा पाट मांडला. घरमालकांच्या वृद्ध आई, ज्यांना सारे अज्जी म्हणत, ताटात हळदकुंकू घेऊन वर आल्या. त्यांनी बाळाला खिडकीपाशी उजेडात नेले, छातीवर अंगठा हलकेच दाबून पाहिला आणि विचारले, ही सकाळपासून किती वेळा प्याली? आम्हांला सांगता येईना. बाळ शांत झोपते म्हणून आम्ही समाधानी होतो! अज्जींनी पूजेचे ताट बाजूला ठेवले आणि ताबडतोब रिक्षा आणण्यास फर्माविले. बेंगळूरपर्यंतच्या त्या सुमारे पंचवीस किलोमीटरांत कोणी एक शब्द बोलले नाही. कावीळ वाढली होती. ती रात्र कन्येने निळ्या दिव्यांखाली काढली आणि आम्ही तिघांनी बाकावर. जागरणाचा विधी असा पार पडला. तिसऱ्या दिवशी बाळ घरी आले.

पुढे अज्जी रोज येत. मराठी त्यांना येत नव्हते, आम्हांला कन्नड तुटपुंजे. पण आपली बाळंतीण ती त्यांची बाणंती, आपले माहेर ते त्यांचे तवरुमने. एवढे शब्द पुरले. पत्नी रडू लागली की त्या तिला उपदेश करीत नसत. बाळाला घेऊन बाहेर बसत आणि तिला झोपू देत. पहिल्या दिवसांतील हे रडे बहुतेकींना येते व ओसरते, दोन आठवड्यांपलीकडे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे, हे मी कितीतरी नंतर शिकलो. अज्जींनी उपचार आधीच चालू केला होता. धाराऊची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो; तिचा अर्थ मला होसकोट्यात कळला.

आज अज्जी नाहीत. आमची कन्या आता नोकरीस लागली आहे. होसकोट्याभोवती कारखाने आणि उंच इमारती उभ्या राहिल्या असून महाराष्ट्रातून नव्याने आलेली तरुण जोडपी त्यांत राहतात. त्यांच्या हाती सर्व माहिती आहे. रात्री दोन वाजता बाळाला उचलून घेणारे तिसरे माणूस मात्र बहुधा नाही. पन्नास वर्षे आपल्या मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके केली, कोजागिरीला दूध आटविले. एक्कावन्नाव्या वर्षी आपण एक वही घालावी, एवढी माझी विनंती आहे. ज्यांना मूल सांभाळण्याचा अनुभव आहे आणि ज्यांना एखादी रात्र देता येईल, अशा सभासदांची नावे तीत असावीत. कोणाच्या घरी पाळणा हलल्याची वार्ता आली की त्यांतील एकाने बारा दिवस रोज त्या घरी डोकावावे. बाळ किती वेळा प्याले, हे विचारावे. आणि आई झोपली का, हेही.

त्या वहीत पहिले नाव माझे व माझ्या पत्नीचे लिहावे.