अतिदक्षता विभागात कोण कोणत्या वाटेने आले?

अध्यक्ष महोदय, उमरीतले वडीलधारे, आणि खुर्च्या सोडून मागे उभी राहिलेली फार्मसीची पोरं,

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले. तेव्हा दवाखान्याच्या विषयावर बोलायचा आम्हाला काय अधिकार, असे संयोजकांना आम्हीच विचारले. ते म्हणाले, "सर, मग अधिकारावरच बोला." म्हणून आज तेच करतो. अत्यवस्थ माणसाच्या खाटेजवळ आज जे तज्ज्ञ उभे असतात, अतिदक्षतेचे डॉक्टर आणि औषधांचे जाणकार, ते मुळात कोण होते, कोणत्या धंद्यातून इथे आले, एवढेच पाहायचे आहे.

सुरुवात आपल्याच जुन्या राजधानीपासून करू. आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. मोठे दुखणे आले की लोक हैदराबादचे नाव घेत, पुण्या-मुंबईचे नव्हे. त्या हैदराबादेत १८४६ साली वैद्यकीय शाळा निघाली. सुरुवातीला शिकवणे उर्दूतून, आणि शिकून बाहेर पडणाऱ्याला पदवी 'हकीम' अशी. पुढे तिथे एडवर्ड लॉरी नावाचे इंग्रज सर्जन प्रमुख झाले. तेव्हा वाद चालला होता क्लोरोफॉर्मचा. भूल दिलेला रोगी टेबलावरच मरतो, तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने? बऱ्याच जणांचे म्हणणे, नाडीवर बोट ठेवा. लॉरी म्हणत, नाडी सोडा, श्वास बघा. निजामाने पैसा दिला आणि १८८८ व १८८९ असे दोन आयोग हैदराबादेत बसले. दुसऱ्यासाठी तर लंडनहून लॉडर ब्रंटन मुद्दाम आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निकाल लॉरींच्या बाजूने लागला.

आता गंमत बघा. हा निकाल पूर्ण खरा नव्हता. १९११ साली लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मने हृदयाचे ठोके बेताल होऊन माणूस सरळ मरू शकतो. म्हणजे सिद्धांत लंगडा पडला. पण भूल देणाऱ्याने रोग्याच्या श्वासावरची नजर हलवायची नाही, ही शिस्त हैदराबादेत पक्की झाली आणि ती चांगलीच होती. चुकीच्या कारणासाठी लागलेली बरोबर सवय! आमच्या विषयात यावर दोन तास घेता येतील, पण घेत नाही.

त्याच शाळेत एक पारशी मुलगी शिकली, रूपाबाई फर्दूनजी. भूल देणे हेच तिने आपले काम केले. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये तिचे नाव घेतात. १९०९ साली ती एडिंबरोला गेली आणि तिथे पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकली. का, तर भूल म्हणजे शेवटी वायू, दाब आणि औषध. तेव्हा भूलतज्ज्ञ अशी वेगळी पदवी कुठे होती? काम आधी होते, नाव मागून आले. आपल्या संस्थानातल्या या बाईची आठवण आपल्याकडे कुणाला नाही, हे मात्र आम्हाला लागते.

भूलतज्ज्ञांचे एवढे का सांगतो आहे, असे वाटेल. सांगतो, कारण अतिदक्षता विभाग निघाला तो त्यांच्याच हातून. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले पटापट दगावू लागली. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावले गेले. त्याने शस्त्रक्रियेच्या टेबलावरची युक्ती वॉर्डात आणली: गळ्याला छिद्र पाडून नळी घाला आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्या. यंत्रे पुरेशी नव्हती म्हणून वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र पिशव्या दाबत बसले, आठवडेच्या आठवडे. मरणाचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९५३ च्या डिसेंबरात इब्सेनने तिथेच अत्यवस्थ रोग्यांसाठी वेगळा विभाग काढला.

आपल्याकडे हे मुंबईमार्गे आले. केईएम रुग्णालयात १९६८ साली हृदयरोग्यांसाठी वेगळा दक्षता विभाग सुरू झाला. डॉ. फारोख उदवाडिया हे मूळचे फिजिशियन. त्यांनी धनुर्वाताच्या रोग्यांवर मोठे काम केले. धनुर्वात काय असतो ते इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. पायात खिळा गेलेला गडी, नाहीतर विळ्याने नाळ कापलेले लेकरू. त्यात झटके थांबवायला स्नायू ढिले करणारे औषध द्यायचे, म्हणजे श्वासही थांबणार. मग तो यंत्राने चालू ठेवायचा. औषध आणि यंत्र दोन्ही एकाच हाताला कळले पाहिजे. अशा कामातून या डॉक्टरांना एकमेकांची गरज वाटू लागली आणि १९९३ साली मुंबईत अतिदक्षतेच्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. जमलेल्यांत कुणी भूलतज्ज्ञ, कुणी छातीचे, कुणी हृदयाचे. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरली. लातूरला तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही नव्हते. ते २००२ साली आले. नांदेडचे १९८८ चे.

पण तज्ज्ञ नसलेल्या गावात अतिदक्षता होतच नाही, असे समजू नका. आमच्या मते या विषयातले सगळ्यात मोठे उदाहरण आपल्याच मराठवाड्याच्या लेकाचे आहे. जालना जिल्ह्यातले देहेड गाव, तिथले हिंमतराव बावस्कर. नागपूरला एम.बी.बी.एस. करून १९७६ साली ते कोकणात, महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथे लाल विंचू. धडधाकट माणूस रात्री डंखाने येई, घामाने भिजलेला, हातपाय गार, आणि तासाभरात फुप्फुसात पाणी भरून जाई. गंभीर डंखात शंभरातले तीस-चाळीस दगावत. बावस्कर खाटेजवळ बसले आणि लक्षणे टिपत गेले. मधे पुण्याला एम.डी. केले आणि परत महाडलाच आले. विंचवाच्या विषाने शरीरात जे वादळ उठते त्यात रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हे ध्यानात आल्यावर त्यांनी रक्तदाबाची एक स्वस्त गोळी वापरली, प्राझोसिन. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले. मरणारे शंभरात एक-दोनावर आले. तेच 'लॅन्सेट' बरं का, ज्याने शंभरेक वर्षांपूर्वी ब्रंटनला हैदराबादेत पाठवले होते. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली. अतिदक्षता आणि औषधशास्त्र या दोन्ही विद्या तिथे एका माणसात होत्या, आणि पाटी मात्र दोन्हींपैकी एकाचीही नव्हती.

आता मागे उभ्या असलेल्या पोरांकडे वळतो.

आमच्या लहानपणी दवाखान्यात घरूनच बाटली न्यावी लागे. कंपाउंडर मोठ्या बरणीतून मिक्स्चर ओतायचा, कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडायचा आणि ती बाटलीला चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षर न येणाऱ्या बाईलाही ते कळे. ही विद्या त्याला कुणी वर्गात शिकवली नव्हती. देशात औषधशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षणच १९३२ साली बनारसला सुरू झाले, तेही अमेरिकेत रसायनशास्त्र शिकून आलेल्या महादेव लाल श्रॉफ यांच्या खटपटीने. १९४८ साली फार्मसी कायदा आला. त्यात पहिली नोंदवही करताना पदविकेसोबत आणखी एक वाट ठेवली होती: दवाखान्यात पाच वर्षे औषधे बनवण्याचे काम केलेल्यालाही नाव नोंदवता येई. कायदा करणाऱ्यांनी अनुभवाला पदवीशेजारी बसवले. ही उदारता होती आणि नाइलाजही होता. त्यातून फार चांगली माणसे आली. काही जण पुढे गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून स्वतःच डॉक्टर झाले आणि दिसेल त्याला स्टेरॉइड टोचू लागले, तेही आम्ही पाहिले आहे. आज दुकानाच्या भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र आणि गल्ल्यावर दुसराच, हा प्रकार तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. पूर्वी हाताला विद्या होती आणि कागद नव्हता. आता कागद आहे, तर माणूसच जागेवर नाही.

२००८ पासून देशात फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यात विद्यार्थी वॉर्डात जातो, रोग्याची फाइल वाचतो, औषधांचे एकमेकांशी पटते की नाही ते तपासतो. पण त्याला वॉर्डात उभे कोण करून घेते?

आमच्या थोरल्या बंधूंचे सांगतो. काही वर्षांपूर्वी दादा न्यूमोनियाने एका मोठ्या शहरातल्या अतिदक्षता विभागात होते. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. जंतूंवरचे औषध मात्र पहिल्या दिवसाच्याच मापाने चालू होते. काचेच्या दाराबाहेर आम्ही बसलेलो. एक मुलगी फाइल घेऊन दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली. ती फार्म.डी. करून नुकतीच तिथे लागली होती, हे मागून समजले. तिने दादांचे वजन विचारले. आम्ही म्हणालो, "साठ असेल." ती म्हणाली, "असेल नको काका, नक्की सांगा. किडनी काम कमी करतेय, डोस त्यावर बसवायचा आहे." गावाकडे फोन लावून आम्ही पुतण्याला विचारले. बावन्न निघाले. तिने हिशेब केला आणि आतल्या डॉक्टरांना दाखवला. ते मूळचे भूलतज्ज्ञ होते. त्यांनी कागद पाहिला, काही न बोलता माप बदलले. दादा सोळा दिवसांनी घरी आले आणि पुढे चार वर्षे जगले.

फाइलची प्रत आमच्याकडे अजून आहे. तीत डॉक्टरांच्या सहीचा रकाना आहे, नर्सच्या सहीचा आहे. त्या मुलीचा हिशेब समासात पेन्सिलीने लिहिलेला आहे, आणि खाली नाव नाही.