आमच्या मुलांची उन्हाळी सुट्टी आणि वाचनालयाचा हक्क

१४ एप्रिल झाला. मिरवणुका निघाल्या, डीजे वाजले, चौकाचौकांत निळे झेंडे लागले. आता शाळांच्या परीक्षा संपतील आणि आमची मुले जूनपर्यंत मोकळी होतील. त्याच वस्तीत, विहाराच्या एका खोलीत पुस्तकांचे कपाट असते. वरती भिंतीवर ‘वाचाल तर वाचाल’ असे ठळक अक्षरांत रंगवलेले असते. कपाटाला कुलूप असते आणि किल्ली नेमकी कुणाकडे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. हे चित्र आपण सगळ्यांनीच पाहिलेले आहे, आपल्यापैकी अनेकांच्या वस्तीतच पाहिलेले आहे.

म्हणून या सुट्टीच्या तोंडावर आम्हाला वाचनालयाचा इतिहास मांडायचा आहे. आमचे म्हणणे सरळ आहे. सार्वजनिक पाणवठ्याचा प्रश्न आणि सार्वजनिक वाचनालयाचा प्रश्न एकाच जातीचे आहेत. पहिला आपण लढवला. दुसरा बाबासाहेबांनी कार्यक्रमपत्रिकेवर घेतला होता, आपण मात्र तो भिंतीवर रंगवून ठेवला.

एका मुलाची सुट्टी, १९०१

सुरुवात बाबासाहेबांच्याच उन्हाळी सुट्टीपासून करू. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी १९०१ सालची हकिगत सांगितली आहे. वडील कोरेगावला नोकरीला होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावून घेतले. नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून मुले निघाली. सोबत जेवण होते, पण वाटेत कुणी प्यायला पाणी दिले नाही. रात्र उपाशीपोटी गेली.

सुट्टी म्हणजे मजा, हे वाक्य ज्यांच्या लहानपणी खरे असते त्यांनी लिहिले आहे. शाळेत निदान एक कोपरा, एक गोणपाट तरी मिळत होते. सुट्टीत बाहेर पडले की समाज उघडा समोर येत होता.

हाच मुलगा पुढे मुंबईला आला. परळच्या डबक चाळीत एका खोलीत कुटुंब राहत होते. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला हेरले. पुढे समाजाने केलेल्या सत्काराच्या वेळी गुरुजींनी त्याला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. सयाजीराव गायकवाडांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही गुरुजींचा हात होता. १९५६ च्या धम्मक्रांतीकडे जाणाऱ्या वाटेवर हे पुस्तक आहे. एका मोठ्या माणसाने एका मुलाला योग्य वेळी योग्य पुस्तक दिले, एवढीच ती गोष्ट. पण लक्षात घ्या, त्या मुलाला वाचायला जागा म्हणून बागेचा बाक होता.

पुण्यात दोन संस्था, एकच साल

मग वाचनालये नव्हती का? होती. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. पुण्यात १८४८ साली नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू झाली, तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. त्याच पुण्यात, त्याच १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली. लायब्ररी ज्यांना आधीच वाचता येत होते त्यांच्यासाठी होती. फुल्यांची शाळा ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाचू दिले नाही त्यांच्यासाठी होती.

फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी. चौदाव्या वर्षी तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. धर्माची पुस्तके ज्यांना वाचताही येत नाहीत त्यांचा धर्म कोणता, हा तिचा सवाल आजही धारदार आहे. चळवळीत एक आठवणही सांगितली जाते. बक्षीस समारंभात फुल्यांच्या शाळेतल्या एका मुलीने साहेबाला सुनावले की आम्हाला खेळणी, खाऊ नको, वाचनालय द्या. अनेक जण ती मुक्ताच्या नावावर सांगतात. ती कुणाच्याही तोंडी असो, मागणी मुलांची होती आणि ती पुस्तकांची होती, हे आपल्या चळवळीने जपून ठेवले आहे.

ठरावात नसलेला शब्द

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. याच ठरावाच्या पायावर १९२७ चा महाडचा सत्याग्रह उभा राहिला. ही यादी पुन्हा एकदा वाचा. त्यात वाचनालय हा शब्द नाही.

यात बोल्यांचा दोष काढायचा नाही. त्या काळची बहुतेक ग्रंथालये सभासदांच्या वर्गणीवर चालत. ती गावाच्या, शहराच्या प्रतिष्ठित भागात असत. तिथे ‘अस्पृश्यांना मनाई’ अशी पाटी लावायची गरजही नव्हती. वर्गणी, अनामत, ओळखीचा सभासद आणि दारातल्या माणसाची नजर एवढे पुरेसे होते. विहिरीवरची जात दिसते, म्हणून तिच्यावर ठराव करता येतो. वाचनालयातली जात नियमांच्या आड बसते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची उद्दिष्टे पाहा. वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे हे एक. वाचनालये, सामाजिक केंद्रे, वर्ग आणि अभ्यासमंडळे काढून संस्कृतीचा प्रसार करणे हे दुसरे. सोलापूरला वसतिगृह निघाले. मुंबईत मोफत वाचनालय निघाले आणि त्याच्या जोडीला महार हॉकी क्लबही निघाला. तरुण पोरे दारू-जुगाराकडे वळू नयेत म्हणून हातात हॉकी द्यायची आणि शेजारी वाचनाची खोली उघडी ठेवायची, असा हा कार्यक्रम होता. आज परदेशी ग्रंथालयांच्या पत्रकांत वाचनाबरोबर खेळ आणि उपक्रम असे छापलेले दिसले की आपल्याला ते नवे वाटते. आपल्या चळवळीने ते शंभर वर्षांपूर्वी केले होते. महाडच्या आधी केले होते, हेही विसरू नका.

बडोद्याचा धडा

काही जण म्हणतील, सरकारने चांगली ग्रंथालये काढली की प्रश्न सुटला. त्यांनी बडोदा पाहावे. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग झाला. पुस्तकांच्या पेट्या भरून खेड्यापाड्यांत फिरती ग्रंथालये गेली. भारतात त्या काळी याला तोड नव्हती. सयाजीरावांचे हे ऋण आपण मानतोच.

पण त्याच बडोद्यात १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या दाखवून हुसकावले गेले आणि गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून राहावे लागले. राजाने ग्रंथालय उघडले तरी समाज दार बंद ठेवू शकतो. म्हणून वाचनालय मिळणे आणि वाचनालयावर आपला हक्क चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काउंटरवर बसलेला मुलगा

हे फक्त आपल्याकडे घडले असे नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सार्वजनिक ग्रंथालये उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी वाचनाचे कार्यक्रम घेऊ लागली. पण दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांना त्याच ग्रंथालयात पाऊल ठेवता येत नव्हते. १९५९ च्या उन्हाळ्यात साउथ कॅरोलायनातल्या लेक सिटी गावात रोनाल्ड मॅकनेअर हा आठ-नऊ वर्षांचा काळा मुलगा ग्रंथालयात गेला आणि पुस्तके घरी न्यायला मागू लागला. ग्रंथपाल बाईंनी नकार दिला, पोलीस बोलावण्याची धमकी दिली. मुलगा काउंटरवर चढून बसला. पोलीस आले, आई आली, आणि अखेर तो पुस्तके घेऊनच बाहेर पडला. पुढे तो एमआयटीतून भौतिकशास्त्रात डॉक्टर झाला, १९८४ साली अंतराळात जाऊन आला आणि २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या स्फोटात मरण पावला. त्या ग्रंथालयाच्या इमारतीत आज त्याच्या नावाचे स्मृतिकेंद्र आहे.

समाजशास्त्राच्या अंगानेही हा मुद्दा तपासला गेला आहे. बार्बरा हाइन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास करून १९७८ साली पुस्तक लिहिले. गरीब आणि सुखवस्तू मुलांमधले अंतर शाळा चालू असताना जेवढे वाढते त्याहून जास्त ते उन्हाळी सुट्टीत वाढते, असे त्यांना आढळले. सुट्टीतल्या वाचनाचा आणि जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा मुलांच्या प्रगतीशी संबंध दिसला. हे अंतर नेमके किती, यावर पुढे अभ्यासकांत वाद झाले. पण तर्क आपल्या वस्तीत तपासून पाहा. शाळेत सगळ्यांपुढे एकच पुस्तक असते. सुट्टीत ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे तो वाचत राहतो. ज्याच्या घरात नाही त्याचे वाचन थांबते. असमानता सुट्टी घेत नाही.

मग आपण काय करायचे?

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. आज हजारो मान्यताप्राप्त ग्रंथालये शासनाचे अनुदान घेतात. हा पैसा जनतेचा आहे. म्हणून पहिले काम हक्काचे. आपल्या गावातल्या, वॉर्डातल्या अनुदानित ग्रंथालयात वस्तीतल्या दहा-पंधरा मुलांना घेऊन जा. बालविभाग कुठे आहे, यंदा मुलांची किती पुस्तके घेतली, सुट्टीत काय उपक्रम आहे, हे मुलांसमोर विचारा. लेखी मागा. मुलांची अनामत जयंती समितीच्या खात्यातून भरा. डीजेच्या एका तासाच्या पैशात किती मुले सभासद होतील याचा हिशेब एकदा समितीच्या बैठकीत मांडाच.

दुसरे काम विहाराचे. उन्हाळ्यात श्रामणेर शिबिरे होतात, ती हवीतच. पण ती थोडे दिवस चालतात. उरलेल्या सुट्टीत आमची मुले मोबाइलवर असतात किंवा दुसऱ्यांच्या ‘संस्कार वर्गा’त जाऊन आपल्याच विरोधातल्या कथा ऐकून येतात. आपण जागा मोकळी सोडली तर ती रिकामी राहत नाही. विहाराचे कपाट रोज सकाळी दोन तास उघडा. किल्ली नववी-दहावीच्या मुलीकडे द्या आणि नोंदवहीही तिलाच ठेवू द्या.

काय वाचावे असे विचाराल, तर एवढ्यापासून सुरुवात करता येईल. लहानांना जातककथा मोठ्याने वाचून दाखवा. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे, त्याचे जुने अंक मिळवा. पाचवी-सहावीपासून ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’तला कोरेगावचा प्रवास वाचा आणि मुलांना त्याचे नाटुकले बसवू द्या. गोंड कलाकारांनी चितारलेले ‘भीमायन’ हाती लागले तर त्यातली चित्रे दाखवा. मुक्ता साळवेचा निबंध मुलींकडून वाचून घ्या. आठवीच्या पुढच्यांना अण्णा भाऊंचा ‘फकिरा’ आणि शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ द्या. आजी-आजोबांना बसवून त्यांच्या लहानपणची सुट्टी कशी गेली हे मुलांना विचारू द्या, लिहू द्या. मुक्ताने चौदाव्या वर्षी लिहिले. आपली मुले का लिहिणार नाहीत?

कुणी म्हणेल, हे किरकोळ काम आहे, चळवळीपुढे मोठे प्रश्न आहेत. बाबासाहेबांपुढे काय लहान प्रश्न होते? तरीही त्यांनी पहिल्या संघटनेच्या उद्दिष्टांत वाचनालय लिहिले. पुढे घर बांधले तेही ग्रंथांना जागा हवी म्हणून. राजगृहाला आपण वंदन करतो आणि वस्तीतले कपाट बंद ठेवतो, ही विसंगती आपली आहे. तिचे खापर मनुवाद्यांवर फोडता येणार नाही.

चवदार तळ्याचे पाणी आपल्या पूर्वजांनी ओंजळीने प्यायले, कारण ते सार्वजनिक होते आणि आपलेही होते. वाचनालय तसेच आहे. या सुट्टीत किल्ली शोधा.

जय भीम! नमो बुद्धाय!